वजिराच्या प्याद्याचा डाव: पहिल्या चालीपासून सी६ पडेपर्यंत

बुद्धिबळात डी४ ने, म्हणजे वजिरापुढचं प्यादं दोन घरं ढकलून, सुरू होणारे डाव रटाळ असतात, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. मी ई४ (राजापुढचं प्यादं दोन घरं) खेळायचे, वीस-वीस चालींच्या ओळी घोकायचे, आणि समोरची अकराव्या चालीला वेगळं काही खेळली की माझे हातपाय गळायचे. पुढे डी४ कडे वळले आणि कळलं की इथे पाठांतर कमी लागतं, प्यादी वाचावी लागतात. कोणतं प्यादं कमकुवत होणार आहे, ते कुठल्या घरावर अडकणार आहे आणि त्याला कोण धरून बसलं आहे, एवढं डोळ्यांसमोर असलं की चाली आपोआप सुचतात.

हा लेख त्याबद्दलच आहे. महिलांच्या एका स्विस पद्धतीच्या (दर फेरीला साधारण सारख्या गुणांच्या जोड्या लावणाऱ्या) स्पर्धेत पांढऱ्या मोहऱ्यांनी मी खेळलेला एक डाव घेऊन, तयारीपासून डाव संपल्यावरच्या चर्चेपर्यंत सगळं क्रमाने सांगते. पट मांडून बसा, नुसतं वाचून हाती फारसं लागणार नाही. नोंदीत घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, ह म्हणजे हत्ती, व म्हणजे वजीर आणि रा म्हणजे राजा. प्याद्याच्या चालीला फक्त घराचं नाव लिहिलं आहे. ए ते एच या पटाच्या उभ्या ओळी, म्हणजे फाईल. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे छोट्या (राजाच्या) बाजूचं कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्याकडे नेणं. आकड्यानंतर तीन टिंबं असली तर चाल काळीची. दोन घोडे किंवा दोन हत्ती एकाच घरावर जाऊ शकत असतील, तर कुठला गेला ते कळायला त्याची आधीची फाईल किंवा ओळ घरापूर्वी लिहिली आहे.

शांत ओपनिंगने (डावाच्या सुरुवातीच्या मांडणीने) मोठे डाव जिंकता येत नाहीत असं कोणी म्हणालं, तर मी तिला २०२३ ची महिला जगज्जेतेपदाची लढत आठवायला सांगते. जू वेनजुन आणि लेई टिंगजिए अकरा डावांनंतर ५.५-५.५ अशा बरोबरीत होत्या. सगळा किताब बाराव्या डावावर येऊन ठेपला होता. जू वेनजुनकडे पांढरी मोहरी होती. तिने डी४ खेळून साधी, घट्ट मांडणी केली, तो डाव जिंकला आणि ६.५-५.५ ने किताब राखला.

आदल्या संध्याकाळी

जोड्या लागल्या की प्रतिस्पर्धीचे डाव उघडायचे, हे सगळ्याच करतात. चूक होते ती पुढे. दहा डाव बघून दहा वेगवेगळे बेत आखले जातात आणि सकाळी डोक्यात नुसती खिचडी उरते. मी तीनच गोष्टी बघते. ती डी४ ला पहिल्या दोन चालींत काय उत्तर देते? कॅसलिंग कुठल्या बाजूला करते? आणि वेळ कमी उरला की आक्रमक होते की मोहरी मागे घेते? तिसरं उत्तर डेटाबेसमध्ये सरळ मिळत नाही. तिच्या तिसाव्या ते चाळिसाव्या चाली सलग बघाव्या लागतात.

महिलांच्या स्पर्धांत खेळाडू तुलनेने कमी असतात, त्यामुळे त्याच त्या मुली वर्षानुवर्षं पटापलीकडे भेटतात. म्हणून प्रत्येकीसाठी वहीचं एक पान ठेवा. या डावातल्या प्रतिस्पर्धीच्या पानावर मी लिहिलं होतं: ‘डी५ आणि ई६ खेळते. कॅसलिंग छोट्या बाजूला. घाईत असली की अदलाबदल करून मोकळी होऊ बघते.’ शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

तयारी दोन तासांत आटपा आणि झोपा. चार तास बसून खेळायचं असतं. आणखी एक सांगते, कारण प्रशिक्षक बहुधा हे सांगत नाहीत. पाळीचे दिवस स्पर्धेत येणारच. लागणाऱ्या वस्तू आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी पिशवीत आधीच ठेवा. स्वतःची चाल असताना खेळण्याची जागा सोडायची तर पंचांची परवानगी लागते. ती निःसंकोच मागा. कारण सांगत बसायची गरज नाही, आणि पोटात कळ दाबून खेळलेली चाल सहसा वाईटच असते.

पहिल्या पाच चाली आणि एक सापळा

१. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घो-सी३ घो-एफ६ ४. सी×डी५ ई×डी५ ५. उं-जी५ सी६

ई४ चं प्यादं पुढे गेल्यावर त्याला राखायला कोणी नसतं. डी४ च्या प्याद्यामागे वजीर पहिल्यापासून उभा असतो. या ओपनिंगचा सगळा स्वभाव त्या एका फरकातून आला आहे.

२. सी४ म्हणजे क्वीन्स गॅम्बिट. नावात गॅम्बिट असलं तरी प्यादं खरं म्हणजे दिलेलं नाही. काळीने ते मारून धरून ठेवायचा हट्ट केला तर काय होतं ते एकदा पटावर खेळून बघा: २...डी×सी४ ३. ई३ बी५ ४. ए४ सी६ ५. ए×बी५ सी×बी५ ६. व-एफ३. एफ३ ते ए८ हा कर्ण पूर्ण उघडा पडला आहे आणि कोपऱ्यातल्या हत्तीवर वजिराची नजर आहे. काळीला निदान एक मोहरं गमवावंच लागतं. ही ओळ हाताला बसली की सी४ वरचं प्यादं मारलं गेल्यावर छातीत धडधडणं थांबतं.

चौथ्या चालीला मी डी५ वर मारामारी केली. पुष्कळ जणी इथे न मारता प्याद्यांमधला ताण तसाच ठेवतात आणि तेही चांगलंच आहे. पण शिकायला मला ही अदलाबदल सर्वांत उपयोगी वाटते, कारण प्याद्यांची रचना ताबडतोब ठरते आणि पुढच्या वीस चालींचं काम स्पष्ट दिसू लागतं. पांढरीचं सी-प्यादं गेलं, काळीचं ई-प्यादं गेलं. या रचनेला कार्ल्सबाड म्हणतात. वजिराच्या बाजूला आपली दोन प्यादी (ए आणि बी) आणि तिची तीन (ए, बी आणि सी). हे गणित मनात कोरून ठेवा.

पाचव्या चालीला सापळा आहे, आणि त्यात पांढरीच पडते. काळीने ५...सी६ ऐवजी ५...घो-बीडी७ खेळलं तर एफ६ चा घोडा वजिराला बांधलेला (हलला तर मागचा वजीर मारला जाईल असा) दिसतो आणि डी५ चं प्यादं फुकट वाटतं. ६. घो×डी५ खेळलात की ६...घो×डी५ ७. उं×डी८ उं-बी४+. शहाला वजीर मध्ये घालण्यावाचून उपाय नाही: ८. व-डी२ उं×डी२+ ९. रा×डी२ रा×डी८. हिशेब केलात तर काळीकडे एक मोहरं जास्त आहे. बांधलेला घोडा हलू शकतो, फक्त हलण्याची किंमत मोजावी लागते. इथे ती किंमत बी४ वरच्या शहाने वसूल होते.

मोहरी कुठे बसवायची

६. ई३ उं-ई७ ७. उं-डी३ घो-बीडी७ ८. व-सी२ ०-० ९. घो-एफ३ ह-ई८ १०. ०-० घो-एफ८

काळीचा सी८ वरचा उंट ही या रचनेतली तिची जुनी डोकेदुखी. तो एफ५ वर बाहेर पडू बघतो. सहाव्या चालीलाच ६...उं-एफ५ आलं तर ७. व-एफ३ खेळा. उंटाला हटावं लागतं, आणि ७...उं-जी६ ८. उं×एफ६ व×एफ६ ९. व×एफ६ जी×एफ६ नंतर काळीची राजाच्या बाजूची प्यादी दुभंगतात. आमच्या डावात ते आलं नाही. डी३ चा उंट आणि सी२ चा वजीर एकाच कर्णावर आले आणि एफ५ चं घर बंद झालं.

त्या कर्णाच्या टोकाला एच७ आहे. काळीने घोडा एफ८ वर नेला तो त्या घराच्या राखणीसाठी. बघा, आपण अजून हल्ला केलेला नाही आणि तिचं एक मोहरं पहाऱ्याला बसलं. या दहा चाली मी साधारण बारा मिनिटांत खेळले. इथे वेळ घालवू नका, खरा वेळ पुढे लागतो.

दोन प्यादी तिघांवर

११. ह-एबी१ उं-ई६ १२. बी४ ए६ १३. ए४ घो-६डी७ १४. उं×ई७ व×ई७ १५. बी५ ए×बी५ १६. ए×बी५ ह-ईसी८ १७. बी×सी६ बी×सी६

नवशिक्या मुलीला हे सांगितलं की ती हमखास विचारते: जिथे आपली प्यादी कमी आहेत तिथेच हल्ला कसा करायचा? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं की प्यादी मारून आपल्याला जास्त व्हायचंच नाही. आपलं बी-प्यादं बी५ पर्यंत न्यायचं आणि सी६ ला भिडवायचं. मग काळीकडे तीन वाटा उरतात आणि तिन्ही बोचऱ्या आहेत. तिने बी५ वर सी-प्याद्याने मारलं तर डी५ आणि बी७ दोन्ही एकटी पडतात. तिने सी५ ढकललं तर डी४ वरून आपण मारतो आणि डी५ चं प्यादं एकाकी होतं. तिने काहीच केलं नाही तर आपण सी६ वर मारतो, ती बी-प्याद्याने परत मारते, आणि सी६ वर एक प्यादं उरतं ज्याच्या दोन्ही बाजूंना आधाराला कोणी नाही. याला मायनॉरिटी अटॅक म्हणतात.

अकराव्या चालीचा हत्ती बी१ वर गेला तो बी४ ला पाठबळ द्यायला. ई७ चा उंट सरळ बी४ वर बघतो आहे, आणि हत्ती मागे नसता तर ते प्यादं तिथे टिकलं नसतं. तिने ए६ खेळून बी५ अडवलं, म्हणून मी ए४ खेळले. आता बी५ वर मारामारी झाली तरी ए-प्याद्याने परत मारता येतं आणि मोहीम चालू राहते. एक दक्षता घ्या. बी४ खेळल्यावर काळी कधी कधी स्वतःच बी५ खेळते आणि घोडा बी६ वरून सी४ वर बसवायला निघते. तो घोडा तिथे पक्का बसला तर सी६ झाकलं जातं आणि आपली सगळी मेहनत पाण्यात. असं झालं तर ए४ खेळायला एक चालही उशीर नको.

तेराव्या चालीला तिने एफ६ चा घोडा डी७ वर घेतला आणि काळ्या घरांचे उंट बदलून घेतले. वहीतलं वाक्य आठवतं ना? अडचण वाटली की ती अदलाबदलीकडे जाते. मी आनंदाने होकार दिला, कारण मोहरी जितकी कमी, तितकं सी६ राखणं जड. काळीला या रचनेत राजाच्या बाजूला हल्ल्याची संधी असते, आणि तिने घोडा ई४ वर रोवून मोहरी ठेवली असती तर मला कसोशीने बचाव करावा लागला असता. आक्रमक वृत्तीची प्रतिस्पर्धी असेल तर ते गृहीत धरूनच खेळा.

सोळाव्या चालीला तिने घोडा बी६ वर आणला असता तर काय झालं असतं, हे मी खेळता खेळता तपासलं होतं: १७. बी×सी६ बी×सी६ १८. ह×बी६. बी-फाईल उघडली की बी१ च्या हत्तीसमोर तो घोडा बिनआधार उभा. तिला ते दिसलं, म्हणून हत्ती सी८ वर आला. अकराव्या चालीला बी४ च्या मदतीला गेलेला हत्ती सतराव्या चालीपर्यंत उघड्या फाईलचा मालक झाला होता.

कोण कशाला धरून बसलं आहे

१८. घो-ए४ व-डी६ १९. ह-एफसी१ ह-एबी८ २०. ह×बी८ ह×बी८ २१. व×सी६

इथे थांबा. माझ्या एकोणिसाव्या चालीनंतरची पटस्थिती नीट मांडून घ्या. पांढरी: राजा जी१, वजीर सी२, हत्ती बी१ आणि सी१, उंट डी३, घोडे ए४ आणि एफ३, प्यादी डी४, ई३, एफ२, जी२, एच२. काळी: राजा जी८, वजीर डी६, हत्ती ए८ आणि सी८, उंट ई६, घोडे डी७ आणि एफ८, प्यादी सी६, डी५, एफ७, जी७, एच७. चाल काळीची.

ए४ चा घोडा सी५ वर पहारा देतो आहे. तिने तरीही सी५ ढकललं तर २०. घो×सी५ घो×सी५ २१. डी×सी५, आणि आता ते प्यादं तिला मारता येत नाही, कारण सी-फाईलवर माझा वजीर आणि हत्ती एकामागे एक उभे आहेत. २१...ह×सी५ २२. व×सी५ व×सी५ २३. ह×सी५ मध्ये तिचा अख्खा हत्ती जातो. म्हणजे सी६ चं प्यादं पुढे सरकू शकत नाही. अडकलेलं कमकुवत प्यादं हवं होतं, ते मिळालं.

पण ते अजून पडत नव्हतं, आणि इथे मी आधीच्या कित्येक डावांत फसले आहे. सी-फाईलवर माझी दोन मोहरी आहेत हे खरं, पण वजीर पुढे आहे आणि हत्ती मागे. मी व×सी६ खेळले तर ती हत्तीने मारेल, मी हत्तीने परत मारलं तर डी६ चा वजीर त्यालाही मारेल, आणि वजिराच्या बदल्यात माझ्या हाती फक्त एक प्यादं उरेल. दिवाळखोरीच ती. किती मोहरी एका घरावर बघतात एवढं मोजून भागत नाही. पहिला घाव कोण घालणार आणि समोरून कोण मारणार, तो क्रम मोजावा लागतो.

मग मी प्रत्येक काळ्या मोहऱ्याकडे बघून स्वतःला विचारलं, हे इथून उठलं तर काय सुटेल? एफ८ चा घोडा एच७ ला बांधलेला. ई६ चा उंट डी५ ला. सी८ चा हत्ती सी६ ला, आणि तो तिथे आहे तोवरच माझ्या वजिराला सी६ महाग आहे. तो हत्ती सी-फाईलवरून हटला की तिथे फक्त डी६ चा वजीर उरतो आणि वजिराच्या बदल्यात वजीर मला चालतो.

तिच्या घड्याळात सहा मिनिटं होती. बी-फाईल माझ्या ताब्यात आहे हे तिला खटकत होतं आणि तिने १९...ह-एबी८ खेळून हत्ती समोर आणला. चाल अगदी स्वाभाविक आहे, कुठलीही प्रशिक्षक सांगते की उघड्या फाईलवर झगडा. मी बी८ वर मारलं. तिचा हात लगेच सी८ च्या हत्तीकडे गेला, बोटं टेकली, आणि मग ती थबकली. मोहऱ्याला हात लागला की ते चालवावंच लागतं. २०...ह×बी८, आणि सी-फाईल मोकळी. २१. व×सी६ व×सी६ २२. ह×सी६. ए४ चा घोडाही सुरक्षित, कारण सी६ वर गेलेला वजीर त्याला कर्णावरून धरून होता.

सरावासाठी हेच करा. आपल्या कुठल्याही जुन्या डावातली विसाव्या चालीजवळची पटस्थिती मांडा आणि समोरच्या प्रत्येक मोहऱ्यापुढे त्याचं काम कागदावर लिहा. ज्याच्यापुढे दोन कामं आली, त्याच्यावर खूण करा. दहा मिनिटं पुरतात.

वाढीव प्यादं हातात आल्यावर

२२...ह-ए८ २३. घो-सी५ घो×सी५ २४. ह×सी५ ह-ए१+ २५. उं-एफ१

प्यादं जिंकल्याच्या आनंदात हातून डाव जातो तो अशाच वेळी. चोविसाव्या चालीला शह आला तेव्हा माझा हात सवयीने हत्तीकडे निघाला होता: ह-सी१, हत्ती हत्तीला भिडवू आणि सोपं करू. पण सी१ वर हत्तीला आधार कोणाचाच नाही. उंट पांढऱ्या घरांचा आहे, सी१ काळं घर. घोडा एफ३ वरून तिथे पोचत नाही. हत्ती सरळ मारला गेला असता. उंट एफ१ वर आणला की राजा त्याला धरतो आणि शह विझतो. वाढीव प्यादं मिळाल्यावर पहिल्या तीन चाली मी मांडीखाली हात दाबून बसते, अक्षरशः.

त्यानंतरचं काम सावकाश होतं. जी३ खेळून राजाला जी२ चं घर दिलं, म्हणजे मागच्या ओळीवरची कटकट संपली. मग घोडा ई५ वर. मग ई४ ची तयारी, म्हणजे डी५ वर मारामारी होऊन माझं डी-प्यादं मोकळं धावू लागेल. सगळी प्यादी मध्यभागी आणि एकाच बाजूला असली की एका प्याद्याची आघाडी आपोआप विजय देत नाही. हत्ती ठेवा, राजा मध्यभागी आणा, घाई करू नका. तिने ५८व्या चालीला डाव सोडला.

समोरची वेगळं खेळली तर

प्रत्येक डी४ डाव कार्ल्सबाडला जात नाही. २...सी६ म्हणजे स्लाव्ह. तिथे सी×डी५ सी×डी५ केलं तर दोन्ही बाजूंची प्यादी सारखी होतात आणि मायनॉरिटी अटॅकला जागाच राहत नाही, म्हणून मी तिथे ताण ठेवून घो-एफ३ खेळते. १...घो-एफ६ नंतर जी६ आलं तर किंग्ज इंडियन किंवा ग्रुनफेल्डची चाहूल घ्या. किंग्ज इंडियनमध्ये काळी राजाच्या बाजूला धावून येते आणि तुमचं काम वजिराच्या बाजूला तिच्याआधी पोचणं. १...एफ५ म्हणजे डच, त्यात जी३ आणि उं-जी२ एवढं सुरुवातीला पुरे. घो-एफ६, ई६ आणि मग उं-बी४ आलं तर निम्झो-इंडियन. त्याचा अभ्यास मात्र वेगळा आणि मनापासून करावा लागेल, मध्यम पातळीपासून वर तो सतत भेटतो.

कोणी म्हणेल, सगळ्यांविरुद्ध उं-एफ४ ची लंडन मांडणीच खेळावी. पहिलं वर्षभर जरूर खेळा, पाया बसतो. पण त्यातच राहिलात तर प्याद्यांच्या निरनिराळ्या रचनांशी ओळख होत नाही, आणि मुलींनी ती ओळख लवकर करून घ्यावी असं मला फार वाटतं.

घड्याळ आणि नोंद

पहिल्या ४० चालींना ९० मिनिटं, मग ३० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर, अशी वेळ पुष्कळ ठिकाणी असते. मी माझा वेळ असा वाटते: पंधराव्या चालीपर्यंत २५ मिनिटं, पंधरा ते तीस दरम्यान ५० मिनिटं, उरलेला शेवटच्या दहा चालींना. प्याद्यांची रचना बदलणार असेल, म्हणजे कोणी मारणार किंवा ढकलणार असेल, तिथे हवा तेवढा वेळ घ्या. मोहरं एका घरावरून दुसऱ्या घरावर न्यायचं असेल तिथे नको.

३० सेकंदांची भर असताना शेवटपर्यंत चाली लिहाव्या लागतात, वेळ कितीही कमी असला तरी. चाल आधी खेळा, मग लिहा. कॅसलिंग करताना आधी राजाला हात लावा. बरोबरी सुचवायची तर चाल खेळायची, सुचवायचं आणि मग घड्याळ दाबायचं, याच क्रमाने. समोरची वारंवार बरोबरी सुचवून त्रास देत असेल तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवा, वाद तिच्याशी घालू नका. फोन सभागृहात आणूच नका, बंद करून पिशवीत ठेवला तरी डाव जाऊ शकतो.

डाव संपल्यावर

इंजिन (चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम) लगेच उघडू नका. आधी प्रतिस्पर्धीला विचारा, बसूया का पाच मिनिटं? बहुतेक जणी हो म्हणतात. तिला काय भीती वाटत होती हे इंजिन कधीच सांगणार नाही. घरी आल्यावर चालींशेजारी स्वतःच्या शब्दांत लिहा की तेव्हा काय वाटत होतं, आणि त्यानंतरच इंजिनकडून तपासून घ्या. मी वेगळ्या शाईने लिहिते, निळी माझी, लाल इंजिनची.

त्या दिवशी आम्ही दोघी शेजारच्या खोलीत पट मांडून बसलो. मी विसाव्या चालीपर्यंत मोहरी आणली, बी८ वर माझा हत्ती ठेवला. तिने या वेळी सी८ च्या हत्तीला हात लावला नाही. डी७ चा घोडा उचलला आणि त्याने मारलं. २०...घो×बी८. सी८ चा हत्ती जागेवर, सी६ ला घोड्याचाही आधार. आम्ही दोघी बराच वेळ पटाकडे बघत राहिलो. प्यादं पडत नव्हतं. मी व×सी६ करून बघितलं, ती हसली आणि हत्तीने वजीर उचलला.

मग आम्ही दोघींनी मिळून पांढरीसाठी पुढची चाल शोधली: २१. व-बी२, बी७ च्या घरावर डोळा ठेवून. सी६ टिकतं, पण घोडा त्याच्यासाठी मागच्या ओळीवर अडकतो आणि काळीला मोकळा श्वास मिळत नाही. ती ओळ मी तिच्या पानावर लिहून ठेवली आहे. तिनेही तिच्या वहीत माझ्या नावाखाली तीच लिहून घेतली.